मुलताईला पाठवलेलं विमान

माझ्या बायकोला विमानात बसायचं होतं, म्हणून तिने पैसे जमवले, आणि त्या पैशांतून मी मुलताईच्या एका गृहस्थाला विमान पाठवून दिलं.

हे वाक्य वाचून तुम्हाला काही समजलं नसेल, तर त्यात तुमची चूक नाही. मी स्वतः हे प्रकरण चार माणसांना समजावून सांगितलं आहे आणि चौघांनीही शेवटी माझ्या बायकोकडे बघून मान हलवली आहे. तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

आम्ही मध्य प्रदेशातल्या बालाघाटचे. मी सिंचाई विभागात चौतीस वर्षं काढून बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून निवृत्त झालो. बायको शालिनी, माहेर लांजीचं. एकुलती एक मुलगी रेणू पुण्याला असते, आणि गेल्या वर्षी तिची मुलगी, म्हणजे आमची नात, एक वर्षाची होणार होती. वाढदिवसाला तीन महिने होते तेव्हा शालूने विषय काढला.

"औंदा विमानानं जाऊ ना हो! नागपूरहून दीड तासात पुनं येते म्हन्ते रेणू. माह्या गुडघ्याले आता गाडीतलं चढनं-उतरनं होत नाई."

मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो, "विमानात बसायले कमवा लागते, शालू."

छत्तीस वर्षांच्या संसारात मी बरीच मूर्ख वाक्यं बोललो आहे. पण हे वाक्य त्या सगळ्यांचं बडे बाबू आहे. शालू नुसतं "हौ का?" म्हणाली आणि आत गेली. शालू भरपूर बोलते तेव्हा घरात काही धोका नसतो. ती दोन शब्दांत आटपते तेव्हा सांभाळून राहावं, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. मी मात्र पान उलटून भाताचे भाव वाचत बसलो.

दुसऱ्या दिवशी शालूने बोलावलं म्हणून माझी पुतणी सोनल घरी आली. धाकट्या भावाची मुलगी, मागच्याच गल्लीत राहते, मराठी समजते पण बोलताना दर तिसऱ्या शब्दाला हिंदीत घसरते. ती मोबाइलवर लाइव्ह येऊन मेंदी काढून दाखवते आणि त्याचे तिला पैसे मिळतात, एवढं आम्हाला ऐकून माहीत होतं. (तिचा बाप हे कोणाला सांगत नाही. लोकांना तो "सोनल कंप्यूटर का कुछ करती है" असं सांगतो.)

"पर मी करू काय?" शालूने विचारलं. "मले ना नाच येत, ना गानं."

"काकी, जो रोज करती हो वही करो. आत्ता काय करून राहिली?"

"तांदूळ निवडून राह्यली."

"बस! वही."

मी मोठ्याने हसलो. चिन्नोर तांदळातले खडे वेचणाऱ्या बाईला जगात कोण बघत बसणार? पहिल्याच संध्याकाळी एकशे चाळीस माणसं बघत बसली. शालू सूप घेऊन बसली आणि रोज शेजारणींशी बोलते तसं त्या फोनशी बोलू लागली. कोणाची सासू कशी, कोणत्या तांदळाला किती पाणी, गुडघ्याला काय बांधावं. अर्धं मराठी, अर्धं हिंदी. पलीकडून लोक लिहीत होते, "काकी, हमारी मम्मी जैसी हो." मी बाजूच्या खोलीत पेपर उघडून बसलो होतो, पण वाचत नव्हतो.

मग सोनलने मला पैशांचं गणित समजावलं. मी सरकारी माणूस, पगार कसा निघतो हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

"देखो काका. बघणारे लोक खरे पैसे देऊन अॅपमध्ये नाणी घेतात. काकी आवडली की त्या नाण्यांचं गिफ्ट देतात. गुलाब, दिवा, मोर, हत्ती. सबसे बड़ा विमान. ते गिफ्ट काकीच्या खात्यात मोती बनून येते. आणि मोत्यांचे परत पैसे होते."

"म्हंजे कोनी शंभराचा मोर देला तर शालूले शंभर."

"नहीं ना! आधे कंपनी के. उरले त्यातून थोड़ा एजंसी का, जिसने काकी को जोड़ा. काकीले समजा चाळीस."

"आन् कंपनी करते काय?"

"कंपनी मोर बनाती है, काका."

मी पेपराच्या कडेला 'मोर, चाळीस' असं लिहून घेतलं.

"और हाजिरी का पैसा अलग," सोनल पुढे म्हणाली. "रोज कम से कम एक घंटा बैठना. महिन्यात बावीस दिवस भरले की ठरलेली रकम मोती बनून मिलती है, कोई देखे या न देखे." हा भाग मला समजावून सांगावा लागला नाही. कोणी बघो न बघो, तास भरला की पैसे, या तत्त्वावर मी चौतीस वर्षं काढली होती. शालूने तिथल्या तिथे जाहीर केलं की तिकिटापुरते होईपर्यंत खात्यात डोकावायचंसुद्धा नाही, आणि पुरेसे झाले की एकदमच काढायचे.

अडचण आली ती तासाची. दीड किलो तांदूळ शालू पंचवीस मिनिटांत निवडून मोकळी होई. उरलेली पस्तीस मिनिटं रिकामं सूप हातात घेऊन काय करणार? इथे मी पहिल्यांदा मदतीला धावलो. (माझ्या मदतीचा इतिहास लिहायला घेतला तर वेगळं पुस्तक होईल.) रोज दुपारी मी अंगणातले बारीक खडे चाळून घ्यायचो आणि निवडलेल्या तांदळात नीट मिसळून ठेवायचो. म्हणजे संध्याकाळी निवडायला काम तयार! आठवडाभर तोच दीड किलो तांदूळ रोज निवडला जात होता आणि रोज परत घाण होत होता. रविवारी तिरोडीचे माझे साडू जेवायला आले. शालूने घाईत नेमका तोच तांदूळ शिजवला. दुसऱ्या घासाला साडूंनी गालावर हात धरला.

"बाबूजी," ते शांतपणे म्हणाले, "चाळीस वर्सं मँगनीजच्या खदानीत काम केलं म्या. पन गोटा खायची पाळी तुमच्याच घरी आली!"

दाताचा खर्च मी दिला. पण हाजिरी भरत होती आणि गिफ्टही येत होते. आणि खरा गोंधळ तिथूनच सुरू झाला, कारण गिफ्टला मी आमच्या भाषेत आहेर समजत होतो.

आमच्या घरात आहेर ठेवून घेत नाहीत. कोणी लग्नात काय दिलं हे मला पाठ असतं, आणि त्याच्या घरी कार्य निघालं की तेवढंच, वर थोडं घालून, परत जातं. बरोबरीचं दिलं तर ती नुसती फेड होते, थोडं वर घातलं तर मान राहतो, असं माझे वडील सांगत. त्यासाठी दर वेळी बाजारातही जावं लागत नाही. आलेलाच आहेर पुढे सरकवायचा असतो. आमच्या इथून निघालेला एक मोतिया रंगाचा शर्टपीस नऊ लग्नं फिरून माझ्याच निवृत्तीच्या कार्यक्रमात मला परत मिळाला होता. आम्ही एकमेकांना ओळखलं.

तर शालू लाइव्ह संपवून स्वयंपाकाला लागली की फोन माझ्याकडे यायचा. चार्जिंगला लावायचा आणि ज्यांनी काही दिलं त्यांना "धन्यवाद" लिहायचं, एवढंच माझं काम होतं. पण नुसतं धन्यवाद? लोकांनी मोर द्यावे, दिवे द्यावे आणि आपण कोरडे शब्द पाठवावे? मला ते जेवण जाईना इतकं लागलं. एका लुधियानाच्या पोराला मी लिहिलंसुद्धा, "बेटा, आपके घर में अगला शुभकार्य कब है? पता भेजिए." त्याने मला ब्लॉक केलं.

मग मुलताईचे नाना भेटले.

नाना मुलताईवाले या नावाने एक गृहस्थ रोज संध्याकाळी शालूला एक गुलाब देत. चौकशी केली तर कळलं की नाना स्वतःही लाइव्ह येतात. रोज सकाळी ते आपल्या बैलजोडीला आंघोळ घालतात आणि मागे त्यांच्या सौभाग्यवती सूचना देत असतात, "पाठीवर घासा, पोटावर कोन घासन?" तीन-चारशे लोक बघतात. म्हणजे या माणसाचं कार्य रोज सकाळी सात वाजता होतं! माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. परतीला रस्ता मिळाला.

पण परत द्यायचं कशातून? खिशातून पैसे घातले असते तर शालूने विचारलं असतं. मी फोन चाळत बसलो आणि मला एक बटण सापडलं. "मोत्यांची नाणी करा." अहाहा! आलेला आहेर पुढे सरकवण्याची रीत या कंपनीलाही माहीत होती! मी शालूच्या मोत्यांची थोडी नाणी केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या बैलांसमोर एक दिवा सोडला. गुलाबाला दिवा, म्हणजे वर थोडं घातलं. खिशातून एक पैसा गेला नाही. मी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

संध्याकाळी नानांनी मोर दिला.

मी समजलो. हा माणूस आपल्यातला आहे. ठेवून घेणारा नाही! मला त्या अनोळखी माणसाबद्दल एकदम प्रेम वाटलं, आणि त्या प्रेमातच मी दुसऱ्या दिवशी दोन मोर पाठवले. त्यांच्याकडून तीन आले. मी हत्ती पाठवला. संध्याकाळी त्यांचा हत्ती आला, सोबत एक दिवा. ("वर थोडं"! काय घराणं असेल!) शालू इकडे तांदूळ निवडता निवडता खुलून जायची. "अवो पाहा ना, मुलतैवाल्या भाऊनं हत्ती धाडला! किती चांगले लोक हायत." आणि मी आतून ऐकून समाधानाने मान हलवायचो.

सोनलने सांगितलेलं गणित मी विसरलो नव्हतो. पण ते शालूच्या कमाईचं गणित, ते आहेराला कशाला लावायचं, असं माझं मत होतं. नानांच्या शंभराचे इकडे चाळीस होत. परत शंभराचं द्यायला मला दुसऱ्या लोकांनी दिलेले मोती मोडावे लागत. माझ्या शंभराचे तिकडे चाळीस होत, आणि त्यांनाही तेच करावं लागत असणार. म्हणजे मुलताई आणि बालाघाट ही दोन मानी घराणी मिळून रोज सकाळ-संध्याकाळ कंपनीला जेवू घालत होती. असा हा आहेर दोन महिने चालला.

वाढदिवसाला तीन आठवडे उरले तेव्हा नानांनी एका संध्याकाळी चार हत्ती दिले. एकापाठोपाठ एक! शालूचं सूप हातातून खाली आलं. मी रात्रभर विचार केला. चार हत्तींना पाच हत्ती, हे उत्तर होऊ शकतं. पण रोजची ही वाढती ओढाताण बरी नव्हती. एकदाच असं काही द्यावं की प्रकरण सन्मानाने मिटावं. सकाळी सात वाजता, बैल अंगाला साबण लावून उभे असताना, मी शालूचे होते नव्हते तेवढे सगळे मोती मोडले, कमी पडले तिथे माझ्या पेन्शनमधून घातले आणि मुलताईला विमान पाठवलं.

पडद्यावर बैलांच्या शिंगांवरून विमान आलं, धूर सोडत फिरलं आणि निघून गेलं. नाना बादली हातात घेऊन तसेच उभे राहिले. मागच्या सूचना बंद झाल्या. मला वाटलं, जिंकलो.

त्यानंतर तीन दिवस नाना दिसले नाहीत. ना सकाळी, ना संध्याकाळी. चौथ्या दिवशी सोनल आली आणि शालू पदर खोचून तिच्या शेजारी बसली.

"चाल, आता पाह्य किती झाले ते. रेणूले म्हनलं तिकिटाचं सांगतो म्हनून."

सोनलने फोन उघडला. मग डोळे बारीक केले. मग फोन बंद करून परत उघडला.

"काकी, इसमें तो दो सौ दस रुपये हैं."

"दोनशे दहा हजार?"

"सिर्फ दो सौ दस, काकी." सोनल बोटाने खाली खाली सरकत गेली. "दिवा गेला... मोर गेला... मोर, हत्ती, हत्ती... काका! ये विमान आपने भेजा?"

मी शांतपणे आणि मुद्देसूद खुलासा केला. आहेर म्हणजे काय, घराण्याची रीत काय, नानांचे चार हत्ती, माझी अडचण. बोलता बोलता मला लक्षात येत गेलं की सोनल माझ्याकडे बघत नाही, ती शालूकडे बघते आहे. शालूच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने विचारलं ते एवढंच.

"म्हंजे माह्या पैशाचं विमान तुमी दुसऱ्याले देलं?"

मला फार लाज वाटली. निवृत्तीपर्यंत माझ्यावर दोन चौकश्या झाल्या होत्या, पण असं कधी वाटलं नव्हतं. मी म्हणालो, "तिकिटाचे पैसे मी देतो, शालू. पेन्शनमधून. आत्ताच काढून आनतो."

"नोको. तुमचं विमान तुमी धाडलं. माहं मी काढन."

ती दिवसभर बोलली नाही. दोन शब्दसुद्धा नाही. संध्याकाळी सहाला तिने फोन उभा करून ठेवला, सूप घेतलं आणि शेजारी एक स्टूल ठेवलं.

"बसा अती." तिने स्टुलाकडे बोट केलं.

"मी? लाइव्हमंदी?"

"बसा म्हनलं ना."

मी घरातल्या बनियनवर होतो. शर्ट घालू दे म्हणालो, तर तिने तोवर फोन सुरू केला होता. "नमस्ते," ती फोनला म्हणाली, "ये मेरे मिस्टर हैं. तीन महिना मैंने तांदूळ निवडे, मेरे को विमान में बैठना था. इन्होंने मेरा विमान बाहर दे दिया. अब तुम सब लोग बोलो, इनका क्या करना?"

बघणाऱ्यांचा आकडा दोनशेवर होता. तो पाचशे झाला, हजार झाला, दोन हजार झाला. मी इकडे आहेराची बाजू मांडत होतो आणि शालू एकेक खडा वेचून माझं एकेक वाक्य खोडत होती. लोक लिहीत होते, "काका को मुर्गा बनाओ." "काका से तांदूळ निवडवाओ." एकाने लिहिलं, "काका, हमको भी गिफ्ट वापस दो ना." हा लुधियानाचाच असावा असा मला संशय आहे.

तेवढ्यात मुलताईहून कोणी लाइव्हमध्ये जोडून घ्यायला सांगितलं, शालूने बटण दाबलं आणि पडद्याचे दोन भाग झाले. एका भागात आम्ही आणि दुसऱ्यात गमछा घेतलेले नाना. चेहरा उतरलेला. मागे सौभाग्यवती, कमरेवर हात ठेवून.

"बाबूजी," नाना हात जोडून म्हणाले, "तुमचं विमान पोचलं. पन चार दिस झाले, मले झोप नाई. विमानाच्या वर त्या अॅपात काई हायच नाई! आता मी परत काय देऊ?"

"अवो ताई," मागून आवाज आला, "गोऱ्हा विकाले काढला होता यायनं! म्हन्ते दोन विमानं देतो. गोठ्यावर टिना टाकाले म्हनून आमी बैलं धुऊन राह्यलो होतो दोन महिने, तुमच्या विमानाचे आले ते यायच्या हत्तीच्या उधारीत गेले, अन् हाती उरले तीनशे रुपये!"

"तुमाले तीनशे?" शालू म्हणाली. "आमाले दोनशे दहाच!"

दोन्ही बायका एकमेकींकडे बघून एकदम हसू लागल्या. आम्ही दोघे पुरुष हसलो नाही. नाना माझ्याकडे बघत होते, मी नानांकडे. आमच्यात काही भांडण नव्हतं. दोघांचेही वडील एकाच तऱ्हेचे होते, एवढंच.

मग तोडगा निघाला, तो बायकांनीच काढला. बालाघाट आणि मुलताई यांच्यातली देवघेव आजपासून फिटली असं समजावं. पुढे एकमेकांना काही देऊ नये, गुलाबसुद्धा नाही. आणि शालूने फोनकडे वळून सगळ्यांना सांगितलं, "तो मुलताईवाले आहेर नहीं लाएंगे. बाकी के लोगों को मना नहीं है."

त्या तासाभरात जेवढे मोती आले तेवढे आधी पंधरा दिवसांत आले नव्हते! दिवे, मोर, हत्ती, सगळं आलं. पुढचे दहा दिवस लोक शालूला बघायला येत नव्हते, मला बोलणी खाताना बघायला येत होते. छत्तीस वर्षं जी गोष्ट बंद दाराआड विनामूल्य चालत होती तिला एवढी मागणी असेल याची आम्हाला कल्पना नव्हती. मी रोज सहा वाजता आपणहून बनियनवर येऊन स्टुलावर बसत असे. फोनला हात लावायची मला मनाई होती. सोनलने सगळे कुलूप-शब्द बदलून टाकले होते.

दहाव्या दिवशी शालूने खात्यातून पैसे काढले. नागपूर ते पुणे एक तिकीट, खिडकीजवळचं. फक्त जाण्याचं. परतीचे अजून जमायचे होते, आणि ते हाजिरीच्या ठरलेल्या रकमेतून निघणार होते. त्यासाठी महिन्याचे बावीस दिवस भरायला सात दिवस कमी होते आणि शालू तर पुण्याला चालली होती. खाडा पडला असता तर परतीचं विमान गेलं असतं.

"मी बसतो," मी म्हणालो. "सात दिवस, रोज एक तास. तू जा."

"अन् नातीचा वाढदिवस?"

"फोनवर पाहीन."

शालूने सूप उचलून माझ्या हातात दिलं. मग म्हणाली, "तांदूळ नीट निवडजा. अन् कोनाले काई देऊ नोका." नागपूरच्या विमानतळावर मी तिला आत सोडून काचेबाहेर उभा राहिलो. ती नवं लुगडं नेसून, पर्स छातीशी धरून रांगेत उभी होती आणि पुढच्या बाईला काहीतरी समजावून सांगत होती. बहुतेक गुडघ्याला काय बांधावं ते. मला भरून आलं. एवढ्या साध्या गोष्टीला मी इतकी वर्षं पेपर आडवा धरला होता.

सोनलने त्या सात दिवसांपुरता मला शालू घरीच ठेवून गेलेला फोन सुरू आणि बंद करण्याचा अधिकार दिला. पहिल्या दिवशी सूप घेऊन बसलो तर सहाशे लोक आले. "काकी किधर है?" "पुण्याला गेली." पाचव्या मिनिटाला साठ उरले. दहाव्या मिनिटाला नऊ. बायको नसताना नुसता नवरा बघण्यात कोणालाच रस नव्हता. पंधराव्या मिनिटाला आकडा एकवर आला आणि तिथे थांबला.

पण तो एक शेवटपर्यंत गेला नाही! दुसऱ्या दिवशीही तेच. सगळे गेले तरी एक राहिला. तिसऱ्या दिवशी मी तांदूळ बाजूला ठेवून त्याच्याशीच बोलू लागलो. माझ्या बदल्या सांगितल्या, बैहरच्या दोन वर्षांत जीप किती वेळा बंद पडली ते सांगितलं, दोन्ही चौकश्यांत माझी चूक कशी नव्हती हे सविस्तर सांगितलं. तो एक शब्द लिहीत नव्हता, काही देत नव्हता, पण उठूनही जात नव्हता. इतक्या शांतपणे माझं आजवर कोणी ऐकून घेतलं नव्हतं, ना ऑफिसात, ना घरात. पाचव्या दिवशी मी त्याला आहेराबद्दलची माझी बाजू पहिल्यापासून सांगितली. त्याने हरकत घेतली नाही. मला वाटलं, या जगात समजूतदार माणूस अजून आहे.

सातवा दिवस. हाजिरी भरत आली होती, परतीचं तिकीट निघणार होतं. तास संपायला दोन मिनिटं असताना मी उठून उभा राहिलो, फोनसमोर हात जोडले आणि म्हणालो, "साहेब, आपण कोण, कुठले, मला माहीत नाही. पण सात दिवस आपण माझी साथ सोडली नाही. आपले उपकार मी विसरणार नाही." आणि पाणी प्यायला आत गेलो.

आत ओट्यावर माझा जुना फोन पाण्याच्या माठाला टेकवून ठेवला होता. चेहरा नीट दिसतो का ते बघायला बसण्याआधी मी रोज त्यात आमचं लाइव्ह लावत असे, आणि रोज बंद करायला विसरत असे. ते अॅप थोडं उशिरा चालतं, म्हणजे इथे बोललेलं तिथे दहा-पंधरा सेकंदांनी पोचतं. त्यामुळे मी पोचलो तेव्हा त्या फोनमध्ये बनियन घातलेला एक म्हातारा अजून हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून आभार मानत उभा होता. खाली कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा होता, एक.

एवढ्या आदराने केलेला नमस्कार तसाच ठेवून घेणं मला जमलं नाही. मी पेला खाली ठेवला आणि त्याला दोनदा हात जोडले.